एक निरुपयोगी ओळ

ऑफिसात सगळे त्याला खोडरबर म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. उलट थोडा अभिमानच होता. बाकीचे इंजिनिअर ‘आज कोडच्या तीनशे ओळी लिहिल्या’ म्हणून भाव खायचे. हा पठ्ठ्या ‘आज सत्तर काढल्या’ म्हणून ताठ मानेने घरी जायचा. घरीही तोच खाक्या. एकदा त्याने भिंतीवरची एक ‘जास्तीची’ वायर काढली आणि दारावरची बेल आठवडाभर मुकी झाली. बायको म्हणाली, “लग्नाच्या अल्बमात मी जास्तीची वाटत नाही ना, तेवढं एकदा बघून ठेवा.”

कंपनी छोटी, दुमजली. तिथे सलाइनचे थेंब मोजणारे पंप बनत. पंपाच्या पोटात बोटाच्या पेराएवढा प्रोसेसर, त्यावर चालणारा कर्नल म्हणजे सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्रॅम, आणि त्या कर्नलला थेंब मोजणाऱ्या सेन्सरशी बोलायला लावणारं कोडचं एक चिमुकलं मॉड्यूल. ते ज्याने लिहिलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. आता ते खोडरबरच्या ताब्यात होतं, म्हणजे दर महिन्याला थोडं थोडं बारीक होत होतं.

सोमवारी हॉस्पिटलने नमुन्यादाखल दिलेले दोन्ही पंप परत पाठवले. रोज सकाळी पहिल्यांदा सुरू केला की पंप मान टाकतो, दुसऱ्यांदा केला की गुमान चालतो, अशी तक्रार. नशीब एवढंच, की पंप अजून पेशंटला लावलेला नव्हता. शिकाऊ नर्स बादलीत थेंब पाडत होत्या.

साहेबांनी खोडरबरला आणि टेस्टिंगच्या ताईला बोलावलं. ही ताई वयाने बऱ्याच जणांपेक्षा लहान, पण सगळ्या ऑफिसची ताई. खोडरबर गेली नऊ वर्षं तिच्यासमोर बसून डबा खात होता.

“ताई, तपासणीच्या कागदावर सही तुमची आहे.”

“हो साहेब, माझीच. दोनशे वेळा चालू-बंद केला मी. एकदाही अडखळला नाही.”

“मग हॉस्पिटलवाले खोटं बोलतायत का? शुक्रवारी अकराला मीटिंग. तोवर कारण सापडलं तर ठीक, नाहीतर टेस्टिंग दुसऱ्या कुणाकडे देतो. तुम्ही स्टोअर सांभाळा.”

तेरा वर्षं हेच काम केलेल्या बाईला स्क्रूचे खोके मोजायला बसवणार! खोडरबरचं रक्त उसळलं. बाहेर येताच तो छाती काढून म्हणाला, “ताई, तुम्ही निश्चिंत राहा. मी शोधतो. माझ्या हातून सुटत नाही काही.”

आता सकाळचीच तक्रार, म्हणजे थंड पंपाची तक्रार. पण एका दिवसात सकाळ एकच. खोडरबरने उघडं सर्किट पिशवीत गुंडाळलं आणि सरळ पँट्रीतल्या फ्रिजमध्ये ठेवलं.

“हे काय आणि?” पँट्रीच्या मावशींनी कंबरेवर हात ठेवले.

“पंप आहे मावशी. गार करायचाय.”

“दह्याला वायरीचा वास लागला तर तुम्हालाच खायला घालीन.”

पण युक्ती लागू पडली. अर्धा तास फ्रिज, मग सुरू करायचा, की धाडकन क्रॅश. पडता पडता कर्नल स्वतःचा पंचनामा लिहून जातो: कुठे होतो, काय करत होतो. तो वाचून खोडरबरने आख्खा मंगळवार मेमरी वाटणाऱ्या भागात घालवला. तो भाग बिचारा निर्दोष निघाला. कुणीतरी शेजाऱ्याने त्याच्या घरात घुसून नासधूस केली होती. हा शेजारी कोण?

शोधायला त्याने मॉड्यूलमध्ये जागोजागी प्रिंटच्या ओळी पेरल्या, म्हणजे तिथवर पोचलं की पडद्यावर निरोप दाखवणाऱ्या. ‘इथवर आलो’, ‘इथवरही आलो’. आणि गंमत बघा, प्रिंट घातल्या की पंप पडेचना. काढल्या की पडायचा. पाहुण्यांसमोर पोरं जशी एकाएकी शहाणी होतात तसला प्रकार. बुधवारभर फ्रिज आणि टेबल अशा फेऱ्या झाल्या. मावशी आता त्याच्यासाठी फ्रिजचा खालचा कप्पा आपणहून रिकामा ठेवत होत्या. ताई मात्र डबा पुढ्यात घेऊन नुसती बसायची. “घ्या की थोडं,” तो म्हणायचा. ती घास मोडून तसाच ठेवायची.

गुरुवारी त्याने एकेक ओळ वेगळी घालून पाहिली. सगळ्या प्रिंटमध्ये पंपाला तारणारी एकच निघाली, सेन्सरला वीज दिल्यानंतर लगेचची. मग मात्र डोक्यात प्रकाश पडला. गरम सेन्सर लगेच जागा व्हायचा, पण थंड सेन्सरला जागं व्हायला तीनेक मिलिसेकंद लागत होते. प्रिंटची ओळ वायरीवरून पडद्यावर जायला पाच. ती ओळ नसली की मॉड्यूल झोपलेल्या सेन्सरला प्रश्न विचारायचं, तो काहीच्या बाही आकडा सांगायचा, आणि मॉड्यूल त्या आकड्यावर विसंबून शेजारच्या मेमरीत घुसायचं. ताईच्या टेबलावर पंप दिवसभर चालू-बंद होऊन गरम राहायचा, पण तिने तर सकाळचा थंडही तपासला होता. तेव्हा कसा चालला?

त्याने मॉड्यूलचा इतिहास, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याची नोंद, उघडली. सहीनंतर कोडला कुणी हात लावलेला नाही असं सगळेच धरून चालले होते, तोसुद्धा. पण सहीनंतर दोन दिवसांनी, पंप हॉस्पिटलला जायच्या आधी, बरोबर त्याच जागची एक प्रिंटची ओळ कुणीतरी काढली होती. शेजारी शेरा होता: ‘निरुपयोगी ओळ काढली.’ आणि त्याखाली त्याचं स्वतःचं नाव.

त्याचे कान तापले. त्याला हे आठवतही नव्हतं. प्रिंट काढणं म्हणजे त्याच्या लेखी कोडला हात लावणं नव्हतंच; खोलीतून निघताना दिवा बंद करणं होतं. त्यासाठी ताईला परत तपासायला कोण सांगतं?

दुरुस्ती एका ओळीची होती: पाच मिलिसेकंद थांब. ‘सेन्सर उशिरा जागा होतो’ एवढं सांगितलं असतं तरी साहेब खूश झाले असते. इतिहास बघायची त्यांना सवय नव्हती. खोडरबरने हा विचार जिना उतरताना केला, बस येईपर्यंत केला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी अकराला साहेब खुर्चीत टेकायच्या आत तो म्हणाला, “साहेब, ताईंनी तपासला तो पंप बरोबर होता. नंतर मी त्यातली एक ओळ काढली आणि कुणाला सांगितलं नाही. चूक माझी.” मग साहेबांनी त्याला पुढची वीस मिनिटं असं काही सोलून काढलं की बाहेर मावशींनी चहाचा ट्रे दोनदा परत नेला. पण टेस्टिंग ताईकडेच राहिलं.

बाहेर पॅसेजमध्ये तो ताईसमोर उभा राहिला. आता ती हसेल, चार शिव्या घालेल, मग सगळं मिटेल, असं त्याला वाटत होतं. ती हसली नाही.

“चार दिवस मी स्वतःलाच विचारतेय,” ती म्हणाली, “दोनशे वेळा खरंच केलं का मी? की दीडशेला कंटाळून दोनशे लिहिलं? आईला सांगूनसुद्धा टाकलं, की माझं आता कामात लक्ष राहत नाही.” तिने फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. “तुम्हीच सांगा तिला.”

“काकू,” तो म्हणाला, “मी ताईंच्या ऑफिसातून बोलतोय. पंप माझ्यामुळे बिघडला. ताईंनी दोनशे वेळा तपासला होता, आणि दोनशेच्या दोनशे वेळा तो बरोबर चालला होता.”



“मला नको सांगूस, बाळा,” म्हातारी म्हणाली. “मला माहीतच होतं. तिच्याकडे बघून सांग.”

त्याने फोन खाली केला आणि ताईकडे बघून सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.