गोदीचा डोलणारा बैल

अकोल्यात पहिली आगगाडी आली तेव्हा इस्टेशनच्या घड्याळात आठ वाजले होते. आमच्या अंगणात दिवस कासराभर वर आला होता. हे सगळं तिथूनच सुरू झालं!

आमचे कारभारी सुतार. कापसातली सरकी काढायचे रेचे बनवतात. कापसाला असा भाव आलाय की आजूबाजूच्या बाया आमच्याच अंगणात रेचे फिरवत बसतात. रेच्याखाली सरकी साचते, तसे इथे किस्सेही साचतात. वर कापसाचे तंतू तरंगत असतात. वाटतं, ढगच बसायला खाली आलेत.

गाडी पाहून सगळी लेकरं ओरडली. तीन वर्षांची माझी गोदी मात्र चाकांकडे पाहत राहिली. तिने अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.

*

कारभारी इंजिनापुढे उकिडवे बसले.

"काय पाहून राहिला बे?" इंजिनावरचा खलाशी खेकसला.

"हा दांडा हालला का चाक काहून फिरते?"

"कोळसा खाते म्हणून!"

"आमचा बैल कडबा खाते, त्याले कुठं चाकं फुटले?"

*

शेजारची सखूमावशी भाजी विकते. ती पोपटाने टोचलेला पेरू घेऊन आली. "पोपटाचं उष्टं चारलं का पोट्टी पटपट बोलते!"

गोदीने पेरू हुंगला, त्यात काडी खुपसली आणि तो ओट्यावरून गडगडत सोडला.

"घ्या," मावशी म्हणाली, "गाडी सुटली!"

*

एकदा मी तिच्यामागे परात बडवली. ढिम्म! तेवढ्यात रेचा जरासा करकरला आणि ही धावली.

कारभारी हसले. "कान माह्यापेक्षा तिखट हायत!"

"मंग बोलत काहून नाई?"

"इचार करून राहिली असंल."

मी मात्र हसले नाही.

*

लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला कारभाऱ्यांनी तिला चाकांचा लाकडी बैल केला. इंजिनासारखा दांडा चाकाला जोडला, म्हणजे बैल ओढला की मान वर-खाली डुलेल. खुंटी तेवढी आडवी बसली. बैल "हो" म्हणायच्या ऐवजी "नाही" म्हणू लागला!

"राहू द्या," मी म्हटलं. "आपल्या घरात कोणी तरी बोललं!"

*

लेकरं आपापले बैल घेऊन दारोदार खाऊ मागायला निघाली. गोदीही निघाली. मी मागे, जीव मुठीत धरून. लोक तिला मुकी म्हणतील, हीच धास्ती.

सखूमावशीने तळहातावर गुळाचा खडा धरला. "कावो नंदीबोवा, खाऊ पायजे का?"

गोदीने दोरी ओढली. बैलाने मान हलवली. नाही, नाही.

"नाई म्हणते बाप्पा!" मावशीने मूठ मिटली.

गोदी खाली बसली. तिने चाक फिरवलं, दांडा चाचपला, खुंटीवर बोट ठेवलं. मग बैलाचं तोंड आपल्याकडे वळवून त्याला म्हणाली,

"काहून?"

माझ्या माहेरी, तिवशाकडे कोणी जात असाल, तर माझ्या आईला एवढा निरोप सांगा: गोदी बोलली!