रंग न दिलेला फोटो

फोटोवाले काका पाखरालाही “हलू नका” म्हणायचे. लग्न होऊन मी मानवतला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारचे हे उंच गृहस्थ जास्वंदीपुढं गुडघे टेकून बसलेले दिसले. “हं, मान जराशी वर... आता हलू नका बरं का!” समोर माणूस कुणीच नव्हतं. मला वाटलं, शेजार काही खरा नाही.

समोर होता अंगठ्याएवढा शिंजीर. उन्हात आला की निळा-जांभळा चमकायचा, सावलीत गेला की नुसता काळा. दोन्ही घरांच्या मधे कपडे वाळत घालायची एकच तार होती आणि तिच्या टोकाला शिंजिराच्या जोडीचं घरटं लोंबत होतं. गवताच्या काड्या, कोळ्याची जाळी, आत बाजारातून उडून आलेला कापूस. दारावर इवलासा छज्जासुद्धा. काका मला म्हणाले, “सूनबाई, महिनाभर तार त्यांची. तुमी साड्या कुंपणावर घाला.” नव्या नवरीनं काय बोलावं? घातल्या.

पाखरासाठी अख्खा रोल घालणं काकांना पटायचं नाही. लग्नाचे, बारशाचे, नामांतराच्या मोर्चाचे फोटो काढून शेवटी दोन-तीन उरले, की ते शिंजिराचे. आमच्याकडे तेव्हा फोटो काळे-पांढरेच. काका मग बारीक ब्रशनं ओठ लाल करायचे, शालू हिरवा करायचे. नवरी कितीही सावळी असो, त्यांच्या हातून गुलाबीच होऊन निघायची. नर घरट्यावर बसलेला टिपायचा आणि मोरपंखी रंगवायचा, असा त्यांचा बेत होता.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी. काकू वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. खाटेवरून त्यांना पाखरांचा आवाज यायचा, घरटं दिसायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पिल्लं उडून जायच्या आत फोटो काकूंच्या हातात पडावा, एवढंच काकांच्या मनात होतं.

त्या सकाळी अजून डोळ्यांपुढं येतात. ऊन हळूहळू जास्वंदीवरून तारेवर सरकायचं, घरटं वाऱ्यानं किंचित झुलायचं आणि काका कॅमेऱ्याला डोळा लावून तसेच. बघता बघता मलाही हातातलं धुणं पिळायचं भान राहायचं नाही.

नर यायचा, ओरडायचा, जायचा. बसायचा म्हणून नाही. एकदा मी काकूंना पेज भरवत असताना काका तोंड पाडून आत आले.

काकू म्हणाल्या, “तो बसत न्हाई हो. पेडगावला आमच्या लिंबावर लय बघितलेत मी. तो नुसता मिरवायलाय. घर ती बांधती, बसती बी तीच. तिचा काढा.”

“ती लय साधी दिसती गं. मातकट.”

“साधीच हाय. म्हून तर तुमाला दिसली न्हाई.”



दुसऱ्या दिवशी रोलात एकच फोटो उरला होता. छज्ज्याखालून मादीनं चोच आणि एक डोळा बाहेर काढला. काका या वेळी “हलू नका” म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ते फोटो आणि ब्रश घेऊन खाटेशी बसले, तर काकूंनी त्यांचा हात धरला. “हिला रंग देऊ नका.” बराच वेळ बघून त्यांनी तो फोटो उशाखाली ठेवला. पिल्लं उडाली आणि पंधरा दिवसांनी काकू गेल्या.

भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधायला लागलो, तेव्हा कळलं की अर्ध्या तालुक्याच्या नवऱ्या गुलाबी करणाऱ्या काकांनी काकूंचा एकही फोटो काढलेला नव्हता. “घरचीच हाय, कधीबी काढू,” असं म्हणत राहिले होते. मला रडू आवरेना. काकांनी उशाखालचा फोटो घेतला, त्याला फ्रेम केली आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला.

भेटायला येणारे गोंधळून विचारायचे, “काका, काकू कुठं हायत यात?”

“घरातच हाय,” काका म्हणायचे. “जरा जवळ जाऊन बघा. दिसती.”