यमुनाबाईंच्या ओसरीवरचं पिंप

कुरखेड्याच्या बाजारात मी वांगी निवडत होतो. चामोर्शीकडच्या एका ओळखीच्या गाडीवानानं बैल थांबवले आणि म्हणाला, ‘‘गुर्जी, दवाखान्यातल्या यमुनाबाई वारल्या. तापानं.’’ मला आधी रागच आला. मागच्या भेटीत माझ्या खोकल्यावरून मला झापणारी ही बाई, स्वतःचा ताप मात्र अंगावर काढत बसली असणार! वांगी तशीच टाकून मी घरी आलो. महिना होत आला, अजून मन थाऱ्यावर नाही.

यमुनाबाई चामोर्शीच्या दवाखान्यात सुईण होत्या आणि मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर. आमच्या चांदा जिल्ह्यात परदेशातून दुधाची भुकटी येऊ लागली, तेव्हा तिचं भलंमोठं पत्र्याचं पिंप बाईंच्या दवाखान्यालगतच्या ओसरीवर आलं. सकाळी चुलीवर पाणी ठेवून त्या भुकटी घोटायच्या आणि गावातली हाडकुळी लेकरं वाट्या घेऊन बसायची. सखू ढिवरीण तलावावर मासे धरी. तिची तान्ही लेक चंद्री मान धरत नव्हती, ती त्या दुधाच्या जोरावर बसायला लागली. त्या दिवशी बाईंनी मला शाळेतून बोलावून चंद्री दाखवली होती, जणू स्वतःचीच नात.

मग एकदा ज्या देशाचं दूध, त्या देशाचे पाहुणे आले. सोबत आपले एक साहेब. साहेबांनी सांगितलं, मुलांच्या हाती त्या देशाची कागदी निशाणं द्यायची, गावानं हात वर करून ‘आम्ही तुमच्या बाजूचे, तुमच्या शत्रूच्या विरुद्ध’ असं म्हणायचं, आणि त्याचा फोटो निघायचा. मी बाईंच्या कानाशी लागलो, ‘‘बाई, दोन शब्दानं काय बिघडते? होऊन जाऊ द्या.’’

बाई आत गेल्या. सूपभर तांदूळ आणून त्यांनी रिकाम्या पिंपात ओतले.

‘‘सायेब, आमच्याइथी कोणाचं भांडं रिकामं परत नाई करत. हे तांदूळ घेऊन जा. पण लेकरं मी कोणाच्या बाजूनं उभी नाई करत. भुकेले हायेत ते, त्याईले तुमच्या भांडणाचं काय?’’

पाहुणे हसले, तांदूळ न घेताच गेले. पुढचं पिंप आलं नाही. विचारलं की उत्तर यायचं, वरून बंद आहे.

बाईंनी त्याच तांदळाची पेज लावली. दवाखान्यात येणारी प्रत्येक बाई पिंपात मूठभर तांदूळ टाकू लागली. पण चंद्रीला पेज सोसेना. पावसाळा संपता संपता ती गेली. सखू भर रस्त्यात म्हणाली, ‘‘तुमचा मान राह्यला बाई, माही पोरगी नाई राह्यली.’’ त्यानंतर तिनं त्या ओसरीवर पाऊल ठेवलं नाही.

एकदा बाईंनी मला विचारलं, ‘‘गुर्जी, मी चुकली का?’’ मी म्हणालो, पोर आधीच अशक्त होती... त्या म्हणाल्या, ‘‘खोटं नीट बोलता येत नाई तुमाले.’’

बाईंचं बरोबर होतं, असंच मला वाटतं. लेकराच्या तोंडाशी वाटी धरणाऱ्यानं, तू कोणाच्या बाजूचा, हे विचारू नये. विचारून वाटी काढून घेतली, तर पाप त्या हाताचं. हे सगळं मला कळतं. पण सखूचे शब्द आठवले की या कळण्याचा काही उपयोग होत नाही, फार वाईट वाटत राहतं.

परवा चामोर्शीला जाऊन आलो. ओसरीवर पिंप तसंच होतं. दवाखान्यात येणाऱ्या बाया अजूनही सवयीनं त्यात मूठ रिकामी करत होत्या. मीही केली. चूल मात्र थंड होती आणि दोन-तीन लेकरं वाट्या घेऊन उगाच बसली होती.

तेवढ्यात सखू आली. पदराची गाठ सोडून तिनं तांदूळ पिंपात टाकले. लेकरांकडे पाहिलं.

‘‘चूल काऊन नाई पेटवली?’’

सखू खाली बसली, राख बाजूला सारली आणि मला म्हणाली, ‘‘गुर्जी, फुंकणी कुठी ठेवत होत्या बाई?’’