वहिनीचा तपकिरी पडदा

फोन आला तेव्हा काँप्युटर क्लासची सकाळची बॅच बसली होती. कुडाळच्या दवाखान्यातून दादा बोलत होता. म्हणाला, "मंदा... सुलभा गेली गो." मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्याच्या बातमीवर कुणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच निघालं. फोन ठेवला आणि तास संपेपर्यंत बायकांच्या मागे उभी राहिले. नंतर वाडीत कुजबुज झाली, की नणंद ती नणंदच, डोळ्यातून टिपूस काढला नाही. म्हणोत बापड्या. बसलेली बॅच मध्येच उठवायची नाही हा सुलभावहिनीचा दंडक होता. बायका चूल, पोरं, मासळीची पाटी कुणाच्या तरी गळ्यात घालून येतात, तो तास त्यांचा असतो. मी तो दंडक मोडला असता तर तिने तिथून उठून येऊन मला झापलं असतं. आता महिना उलटून गेला, रडूनही झालं, म्हणून लिहायला बसले आहे.

सुलभावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मालवणात बाजाराकडून वर येणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, आणि घराच्या पुढच्या लांबट खोलीत तिचा टायपिंगचा क्लास. मी लग्न केलं नाही, त्याच घरात राहते, मसाला आणि कोकमाचं आगळ करून विकते. पूर्वी मी मागच्या पडवीत मिरच्या भाजायचे आणि पुढच्या खोलीत पोरी खोकत खोकत मशीनं बडवायच्या. त्यावरून आमची रोजची भांडणं. "वन्सं, तुमच्या मिरचीन माझी परीक्षा नापास होतली," असं ती ओरडायची. ती रागावली की मला वन्सं म्हणायची, एरवी मंदा.

मग टाइपरायटरचे दिवस सरले. पोरी विचारायला लागल्या, "बाई, काँप्युटर नाय?" वहिनीने बँकेने मोडीत काढलेले चार काँप्युटर आणले. त्यात कुणीतरी घालून दिलेली बिनपरवान्याची सीडी होती आणि त्या सीडीबरोबर व्हायरसची रोगराईही आली. आज हे बंद, उद्या ते बंद. एका पावसाळ्यात चारही मशीनं एकदम आजारी पडली. त्यातच कुडाळकडे असल्या सीड्यांवर चालणाऱ्या क्लासांची तपासणी होणार अशी आवई उठली. पोरी गळायला लागल्या. ज्या राहिल्या त्यांच्यासमोर वहिनी जुने टाइपरायटर मांडून बसायची, तेव्हा तिचं तोंड बघवत नसे.

दादाला मी दोष देत नाही. आयुष्यभर त्याने मासळीचा टेम्पो हाकला, गुडघे गेले. पर्यटक वाढत होते आणि समुद्रात बुड्या मारायला नेणाऱ्या एका माणसाला बुकिंगसाठी आमचीच खोली हवी होती. एका दुपारी जेवताना दादा ताटाकडे बघतच म्हणाला, "चतुर्थेपर्यंत बघतंय. तवसर क्लास भरलो तर बरा, नायतर मी जागा देवन टाकतलंय." वहिनीने त्याला आणखी एक तळलेला बांगडा वाढला. वहिनी बोलली नाही की मला धडकी भरायची. भांडणारी वहिनी बरी.

आमच्याकडे कुडाळचा संदेश मशीनं दुरुस्त करायला यायचा. त्यानेच तिला सांगितलं की मशीनला जागं करून कामाला लावणारा जो मूळ प्रोग्राम असतो, तो बदला. लिनक्स म्हणून आहे, कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही, फुकट आहे, कितीही मशीनांवर घाला, तपासणीची भीती नाही आणि ती रोगराईही नाही. पण त्याचे प्रकार बाजारात मासे मांडावेत तितके. त्याने त्यातले दोन आणून दिले. एकाचा पडदा निळा, दुसऱ्याचा तपकिरी. आमच्या घरात त्यांची नावं तीच पडली, निळा आणि तपकिरी. संदेशचं मत पक्कं होतं. "बाई, निळाच घाला. जुन्यासारखा दिसता, पोरींका भीती वाटाची नाय."

वहिनीने एका मशीनवर निळा घालायचा ठरवला, दुसऱ्यावर तपकिरी. घालताना पडद्यावर प्रश्न आला की डिस्कवरचं सगळं पुसायचं का. त्यात तिने इतकी वर्षं घडवलेले धडे होते, सराव-उतारे होते. कागदावर निम्मेही नव्हते. ती उठून पाणी पिऊन आली, परत बसली, आणि "हो" दाबलं. पुसणं चालू असताना लाइट गेली. आमच्याकडे तेव्हा लाइट कधीही जायची. अंधाऱ्या पडद्यासमोर ती पदर मुठीत धरून बसून राहिली. लाइट आल्यावर सगळं पहिल्यापासून... माझी मिरची त्या दिवशी कढईत करपली.

दोन्ही चालू झाले, आता निवड कशी करायची? तिने मला हाक मारली. "मंदा, हात धू साबणान आणि हंय येवन बस." मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, "म्हणानच बस." मी खुर्चीत, ती माझ्यामागे हात पाठीवर बांधून. काही सांगायचं नाही, हात लावायचा नाही, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असा तिने स्वतःलाच नियम घातला होता. ते तिला किती जड जात होतं हे मला मागून येणाऱ्या उसाशांवरून कळत होतं.

निळा दिसायला देखणा. इथे दाबा, तिथे दाबा, सगळीकडे काही ना काही उघडतं. मी दाबत गेले आणि खालची पट्टीच्या पट्टी माझ्या हातून कुठेतरी नाहीशी झाली. ती परत कशी आणायची हे मला कळेना, आणि ते सांगणारंही तिथे काही दिसेना. मी रडकुंडीला आले, मागे वहिनीचे उसासे. तपकिऱ्यावर मांडलेलं थोडंच होतं, अगदी गरीब घर. तिथेही मी चुकले, भलत्याच खोलीत शिरले, पण दर वेळी वरच्या कोपऱ्यात बाहेर पडायची वाट होती. संदेश म्हणाला, निळ्यात येतं ते सगळं शिकवता येईल. वहिनी म्हणाली, "शिकवन येतला रे. पण मी बाजूक नसताना? चुकान खंयय गेला तरी मानसाक परत घराक येवक व्हया. हो तपकिरीच ऱ्हवांदे." तिची सोप्याची व्याख्या एवढीच होती. नवख्या माणसाला काय काय करता येतं हे तिने पाहिलंच नाही, तो हरवल्यावर काय होतं ते पाहिलं.

मराठीची भानगड मात्र राहिली होती. संदेशने ती तपकिऱ्यावर बसवून दिली, पण कळांची मांडणी टाइपरायटरची नव्हती. वहिनीची बोटं वीस वर्षांची शिकलेली. पहिली वेलांटी टाइपरायटरवर अक्षराच्या आधी मारायची, इथे नंतर. तिचं "किनारा" पहिल्या फटक्यात सरळ उमटेना. ती स्वतःच्या बोटांवर चापट्या मारायची. रोज रात्री मलाही शेजारी बसवून कळा शिकवायची. त्याहून वाईट म्हणजे "वाऱ्याचा" हा शब्द. टाइपरायटरला त्या आडव्या अर्ध्या र-ची वेगळी कळ होती. इथे ती नव्हतीच. र, पाय मोडलेला, मग य, असं केलं की रफार डोक्यावर चढायचा आणि वाऱ्याचं "वार्या" व्हायचं. संदेशलाही उलगडेना. मालवणात राहून वारा लिहिता येत नाही, तर त्या मशीनचं करायचं काय?

आणि वेळ तर उरलाच नव्हता. मासळी विकणाऱ्या बायकांच्या बचत गटांना त्यांच्या चिटणिसांना काँप्युटर शिकवायचा होता. ते काम क्लासला मिळालं तर खोली वर्षभर भरणार होती. गटांची अध्यक्ष रुक्मीबाय चतुर्थीच्या आधी स्वतः येऊन बघणार होती. वहिनीने दाखवण्यासाठी एक उतारा रचला, त्यात मुद्दाम "वारा" घेतला, "वाऱ्याचा" नाही. "किनारी" घेतलं, "किनाऱ्यावर" नाही. वाचून दाखवताना मला म्हणाली, "खड्डे चुकवन गाडी हाकतंय." हसली आणि उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

रुक्मीबाय आली. बाजारात तिच्यापुढे गिऱ्हाईक भाव करायला धजत नसे. ती आली त्याच वेळेला दादा त्या बुड्या मारणाऱ्या माणसाला घेऊन दारात उभा. त्या माणसाच्या हातात मापाची टेप. मला इतका संताप आला की दादाशी मी पुढे कित्येक दिवस बोलले नाही. वहिनीने दोघांकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि उताऱ्याचा कागद समोर ठेवला. तेवढ्यात रुक्मीबाय म्हणाली, "तू नको. तुका येतलाच. आमच्या बायलांका येतला काय ता माका बघूचा आसा." आणि माझ्याकडे बोट केलं. "हिका बसव. आणि कागद नको. मी सांगतंय ता लिव."

मी बसले. हाताला मसाल्याचा वास. रुक्मीबायने गळा साफ केला आणि सूचना सांगावी तशा शुद्ध भाषेत सांगितलं, "उद्या वाऱ्यामुळे होड्या उशिरा येतील. बाजार दुपारी भरेल."

वाऱ्यामुळे! नेमका तोच खड्डा. मागे वहिनीचा उसासाही ऐकू येईना. "उद्या" लिहिलं. मग जे व्हायचं तेच झालं, "वार्यामुळे". रुक्मीबाय पडद्याकडे वाकली. "ह्या काय? आमच्या वाऱ्याच्या डोक्यार ही टोपी कोणी घातल्यान?" दारातला माणूस हसला. त्याचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. मी शब्द पुसला. वहिनीने शिकवलं होतं की प्रत्येक कळीच्या पोटात दोन अक्षरं असतात, एक साधं आणि एक शिफ्टची कळ धरून. र-च्या कळीकडे बघून मनात म्हटलं, मेले, तुझ्या पोटात आणखी एक र लपवलेला असणारच. शिफ्टची कळ दाबून धरली आणि र मारला. खाली टिंब असलेला कसलातरी र आला. वहिनीच्या बांगड्या वाजल्या. मी हट्टाने पुढे गेले. त्याचा पाय मोडला, य मारला, आणि तो आडवा अर्धा र सरळ य-ला येऊन चिकटला. वाऱ्या. टोपी गेली! "उशिरा" मला सरळ आलं, कारण माझ्या बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. बोलते तसं लिहीत गेले.

रुक्मीबायने कागद छापून घेतला, ओठ हलवत वाचला, घडी घालून कमरेला खोवला. "सोमवारपासून धाडतंय," म्हणाली आणि निघाली. दादाने त्या माणसाच्या हातातली टेप गुंडाळायला मदत केली. वहिनीने माझ्या खांद्याला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. मग ती मागच्या पडवीत गेली आणि रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना बघितलं.

पुढची चार वर्षं ती खोली बायकांनी भरलेली राहिली. मीही मिरच्या दुपारवर टाकून सकाळची बॅच घ्यायला लागले. तिला धाप लागायची ते ती लपवायची. "पावसाची हवा," म्हणायची. अजूनही मला त्याचा राग येतो. माझ्यापाशी तरी बोलायचं होतंस गो.

बारावं झालं आणि आठवड्याभरात तो बुड्या मारणारा माणूस पुन्हा आला. आता त्याच्याकडे जीप आहे. हात जोडून म्हणाला, "दादा, वाईट झाला. आता ती खोली रिकामीच आसतली मा?" मी बॅचमध्ये उभी होते. दादाला नको म्हणायचं कारणच काय होतं? दादा भिंतीला धरून उठला, क्लासच्या दारापर्यंत आला, बायकांच्या पाठींकडे बघत राहिला. "रिकामी खंय आसा?" म्हणाला. "उद्यापासून सकाळच्या बॅचीक मी बसतंय."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, इस्त्रीचा सदरा घालून, बायकांमध्ये संकोचून शेवटच्या खुर्चीत. मशीन सुरू झालं की त्या तपकिरी पडद्यावर आधी वापरणाऱ्यांची नावं येतात. आपल्या नावावर बाण नेऊन दाबायचं, म्हणजे आपली जागा उघडते. मी त्याचं नाव घातलं. वरचं "सुलभा" काढू का, असं विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. रोज सकाळी तो बाण आधी तिच्या नावावर नेतो, थोडा वेळ तिथेच थांबतो, आणि मग खाली आपल्या नावावर येतो.