ओढ्यापर्यंतचा रस्ता

सोनूबाईच्या हाती हातोडी दिली ती बहात्तरच्या दुष्काळाने. नवरा आधीच गेलेला, रान तर कधी नव्हतंच. आमच्या गावापासून परतूरच्या दिशेने ओढ्यापर्यंत रस्त्याचं दुष्काळी काम निघालं आणि ती खडी फोडायला बसली. ओढ्याच्या अलीकडे तेव्हा एक जिल्हा होता, पलीकडे दुसरा. पलीकडच्यांनीही आपल्या बाजूने काम काढलं होतं आणि त्या कामावर सोनूबाईची एकुलती एक लेक मालन होती. तिला पलीकडच्याच गावी दिलेली.

ओढा कोरडा ठणठणीत होता. दुपारी मायलेकी पात्रात बसून मिलोची, रेशनवरच्या तांबड्या अमेरिकन ज्वारीची, भाकरी खायच्या. मालनच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत, त्या सोडून सोनूबाई नव्या बांधायची. एरवी पावसाळा लागला की ओढा वाट अडवायचा आणि लेकीचं तोंड दिसायचं नाही. आता रस्ता होईल, एसटी येईल, भर पावसाळ्यात लेकीकडे जाता येईल, एवढ्या आशेवर ही बाई उन्हात बसून दगड फोडत होती. मुकादम चिडवायचा, तुला लेकीकडं जाता यावं म्हणून सरकार तुलाच मजुरी देतंय. ती हसायची.

पुलाचं काय, असं तिने एकदा काम बघायला आलेल्या साहेबाला विचारलं. साहेबाने समजावून सांगितलं, की हा पैसा दुष्काळाचा, हातांना काम द्यायला आलेला. त्यातून मजुरी द्यायची, सिमेंट-लोखंड घ्यायचं नाही. शिवाय ओढा हद्दीवर, तेव्हा पूल कुणी बांधायचा हे वर ठरणार. वर म्हणजे नेमकं कुठं, हे त्यालाही ठाऊक नसावं. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही, पण त्या 'वर'चा संताप मला आजही येतो.

पाऊस पडला. दुष्काळ संपला असं सरकारने ठरवलं आणि दोन्हीकडची कामं एकदम बंद झाली. रस्ते झाले होते चांगले. ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर येऊन थांबले होते, बोलणं टाकलेल्या भावांसारखे.

पुढच्या आखाडात मालनला हगवण-ओकाऱ्या लागल्या. परतूर लांब, घनसावंगीचा दवाखाना जवळ, पण तो ओढ्याच्या अलीकडे. सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून नव्या रस्त्याने काठावर आणलं आणि हाका मारल्या. इकडच्या एका गुराख्याने त्या ऐकल्या आणि गावात सांगितलं. सोनूबाई तिने स्वतः खडी घातलेल्या रस्त्यावरून पळत गेली. ओढा दोन्ही थड्या भरून चालला होता. ती पाण्यात शिरायला लागली तेव्हा आम्ही तिला धरून ठेवलं. मालनने एकदा मान उचलली. काही म्हणाली असेल, तर पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. तिन्हीसांजेला पलीकडची गाडी माघारी वळली. लेक गेली, हे आईला कुणी सांगायची गरज पडली नाही.

दोनेक वर्षांनी आमच्या गावाला एसटी आली. हार घातले, नारळ फोडला. या रस्त्यावर राबलेली बाई म्हणून सोनूबाईला मानाने पुढच्या सीटवर बसवलं. ओढ्याच्या काठी गाडी थांबली.

"उतरा मावशी, गाडी इथवरच हाय," कंडक्टर म्हणाला.

"पलीकडं?"

"पलीकडं कशी जाईल? पूल न्हाई."

सोनूबाई काचेतून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"मंग इथवर तरी कशाला आणलं?" तिने विचारलं.

कंडक्टरने घंटी मारली. ड्रायव्हरने गाडी वळवली आणि सोनूबाई तशीच बसून गावात परत आली. त्यानंतर ती एसटीत कधी चढली नाही.