शाफ्टवरची नळी

माझा मोठा भाऊ निष्काळजी नव्हता. गावात आता तसं बोलतात, पोलिसांच्या कागदातही जवळपास तसंच लिहिलं आहे, आणि मी ते तीन महिने मुकाट्यानं ऐकून घेतलं. म्हणून आधी हे सांगून टाकतो. दादा म्हणजे दुधानं तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारा माणूस. ट्रॅक्टर सुरू करण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा, चाकाखाली मांजर तर झोपलं नाही ना ते बघायचा. मी म्हणायचो, "देवळात आला का गा, प्रदक्षिणा घालून राहिला तं?" तो हसायचा आणि फेरी पुरी करायचा.

खाप्याजवळ आमची संत्र्याची बाग आहे. ती दादा आणि वहिनी बघायचे. मी हिंगण्याला एका कारखान्यात फिटर आहे, सुट्टी मिळेल तसा गावी जातो. झाडांच्या ओळींमधून मोठा ट्रॅक्टर नेला की फांद्या मोडतात, म्हणून दादानं मिनी ट्रॅक्टर घेतला होता. यंदा बागेत गवत गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा त्यानं गवत कापायचा स्लॅशर घ्यायचं ठरवलं. हा ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. पत्र्याखाली पाती गरगर फिरतात, आणि ती फिरवायला ट्रॅक्टरपासून स्लॅशरपर्यंत एक लोखंडी शाफ्ट जातो.

दुकानदार सहा फुटी स्लॅशर गळ्यात मारायला बघत होता. म्हणाला, "चालून जाते भाऊ." या 'चालून जाते'चा मला भयंकर संताप येतो. मी त्याला तिथंच सुनावलं, की इंजिनाची ताकद पाटीवर लिहिली असते तेवढी मागच्या शाफ्टला मिळत नाही. या एवढ्याशा ट्रॅक्टरला सहा फुटी लावला तर दाट गवतात त्याचा दम निघेल, आणि स्लॅशर वर उचलला की पुढची चाकं जमीन सोडतील. चार फुटी घ्यायचा, दोन्ही चाकांची वाट त्यात झाकली जाते, तेवढं पुरे. चार फुटीच घेतला. ट्रॅक्टरच्या तोंडाशी लोखंडी वजनंही लावली. दादा म्हणाला, "तू मशीन जोडून राहिला का सोयरीक? पत्रिकाबी पाहून घे आता."

नवमीला मी रजा घेऊन गावी गेलो आणि दिवसभर तेच काम केलं. शाफ्ट दोन पाइपांचा असतो, एकात एक सरकणारा. स्लॅशर खालीवर करून बघितला तर शाफ्ट लांब पडत होता, वर उचलला की आतल्या आत ठोकला जात होता. मग दोन्ही पाइप सारखे कापले, कानशीनं घासले, ग्रीस भरलं. दगड लागला तर आधी आपण तुटून गिअरबॉक्स वाचवणारा मऊ बोल्ट मुद्दाम तोच ठेवला. आमच्याकडे तो सारखा तुटतो म्हणून लोक तिथं कडक बोल्ट ठोकतात आणि मग गिअरबॉक्स घेऊन दुकानात रडत जातात. मी असला शहाणपणा करणाऱ्यातला नव्हतो.

एक काम राहिलं. शाफ्टवर प्लॅस्टिकची नळी असते. आत शाफ्ट फिरतो, नळी फिरत नाही, त्यामुळे कपडा गुंडाळला जात नाही. शाफ्ट कापला की ती नळीही तेवढीच कापावी लागते. अंधार पडला म्हणून ती मी काढून बाजूला ठेवली.

दसऱ्याला सकाळी उठून बघतो तर दादानं सगळी हत्यारं पूजेत मांडलेली. पाने, हातोडा, विळे, आणि मधोमध माझी आरी, हळदकुंकू लावलेली. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, हे आमच्या घरी आजोबांपासून चालत आलेलं. कारखान्यातही आम्ही तेच पाळतो. दादा म्हणाला, "आज राहू दे. मशीनबी आज बसूनच हाये." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर आपट्याची पानं वाटत फिरायचं होतं, कंटाळाही आला होता. दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती, संध्याकाळी मोटरसायकल काढली आणि हिंगण्याला परत आलो. रविवारी येऊन नळी बसवतो म्हणालो.

बुधवारी दादाचा फोन आला तेव्हा मी कँटीनमध्ये जेवत होतो.

"माल पाहाले व्यापारी येऊन राहिला," तो म्हणाला. "गवतात पाय ठेवाले जागा नाही. चालवू का, त्या नळीबिगर?"

त्यानं विचारलं होतं. न विचारता त्यानं काहीच केलं नाही. आणि मी, दुकानदाराला भर दुकानात सुनावणारा मी, भाताचा घास तोंडात ठेवून म्हणालो, "चालव. चार दिवसानं काय होते? फक्त गिअरबॉक्सचा आवाज ऐकत राह्य, नवीन हाये."

दादा तो आवाज ऐकायला खाली उतरला. ट्रॅक्टर उभा होता, शाफ्ट फिरत होता. तो वाकला, आणि गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक शाफ्टमध्ये गेलं.

नागपूरच्या दवाखान्यात तो दोन दिवस होता. उजवा हात गेला होता, छातीही ठेचली होती, पण शुद्ध होती. हवालदार जबाब घ्यायला आला. त्यानं विचारलं, "शाफ्टवरची नळी कोणं काढली?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. दादानं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "मीनंच काढली साहेब. घाई होती." हवालदारानं लिहून घेतलं. मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. मी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

तेराव्याला आलेले लोक म्हणत होते, चांगला माणूस, पण घाई नडली. मी त्यांना पाणी देत होतो.

तीन महिन्यांनी वहिनीनं बागेसाठी एक माणूस लावला. त्यानं ट्रॅक्टरला हात लावण्याआधी मी गावी गेलो आणि नळी कापून बसवली. दहा मिनिटं लागली. घड्याळात बघितली म्हणून सांगतो. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली, नळीकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "एवढीशी तं वस्तू. यायले काहून काढाची होती?"

पाना माझ्या हातातच होता. मी म्हणालो, "वहिनी, ते दादानं नाही काढली. मीनं काढली." मग सगळं सांगितलं, आरीचं, बुधवारच्या फोनचं, हवालदाराचं. सांगताना मला वाटत होतं, आता ती कप फेकून मारेल, मला या घराचा उंबरा बंद होईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसली. मग विचारलं, "हवालदारापुढं काहून नाही बोलले तुम्ही?"

"भेव वाटलं," मी म्हणालो. दुसरं काही नव्हतंच सांगायला.

"हवालदार गेल्यावर मी आत गेली होती," ती म्हणाली. "मले राग आला होता भाऊजी. त्यायले म्हटलं, तुमच्या घाईनं माझा संसार मोडला, तुम्हाले माझी फिकीरच नव्हती. ते म्हणाले, हो, चुकलं माझं. मी तशीच उठून बाहेर आली. मंग सकाळी तुम्हीच आले सांगाले."