ढिगातली गोल्टी

आमच्या नाशिकच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या सरांचं एक लाडकं वाक्य होतं, “कानाला खटकतं ते चूक.” शहरातल्या मुलींना पटापट खटकायचं. मी चांदवडची, मराठी शाळेतली. माझ्या कानाला इंग्रजीतलं काहीच खटकत नसे. त्यात बँकेच्या परीक्षेची ही माझी शेवटची संधी. वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, “यंदा नाय लागलीस तर लगीन.” मुलाकडचे निरोपावर निरोप धाडत होते.

माझं घोडं अडायचं ते वाक्य दुरुस्त करण्यात. ‘शी लाइक्स रीडिंग, कुकिंग अँड टू सिंग.’ यात चूक काय? मराठीत आपण बेधडक म्हणतो, मला वाचन, पोहायला, गाणी ऐकायला आवडतं. शिवाय नुसतं ‘शी लाइक्स टू सिंग’ म्हटलं तर तेही बरोबरच. मग राग कोणावर काढायचा? मी सरांवर काढायचे, मनातल्या मनात.

सुट्टीला घरी गेले तर आई कांदा निवडत बसलेली. मीही बसले. हात आपोआप चालत होते, तोंडात ते मेलं वाक्य घोळत होतं. मोठ्या कांद्यांच्या ढिगात एक गोल्टी, म्हणजे बारका कांदा, दिसली. उचलली आणि हात तसाच राहिला. गोल्टी सडकी नव्हती. चवीलाही चांगलीच असते. फक्त ती त्या ढिगातली नव्हती! ‘इंग’वाल्या शब्दांच्या ढिगात ‘टू सिंग’ची हीच तर गत होती. मी एवढ्या जोरात ओरडले की आईला वाटलं, विंचूच चावला.

पुढच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘ही हेट्स वेटिंग इन लाइन, फिलिंग फॉर्म्स अँड टू आन्सर क्वेश्चन्स.’ बाकीच्या कान टवकारून बसल्या. मी ताडकन उभी राहिले. “सर, ‘टू आन्सर’ ही गोल्टी आहे.” वर्ग खो खो हसला. “तिथे ‘आन्सरिंग’ करा, म्हणजे ढीग एकसारखा होईल.” सर हसले नाहीत, कारण उत्तर बरोबर होतं. त्या दिवशी मी मेन रोडवरून अशी चालले, जणू रस्ता माझ्यासाठीच झाडून ठेवला होता.

परीक्षेत असली वाक्यं आली आणि मी ती सपासप निवडली. निकाल लागला, बँकेत लागले. आनंदानं मला रडूच फुटलं. नेमका त्याच संध्याकाळी मुलाकडच्यांचा फोन आला. वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि फोनवर म्हणाले, “पोरगी बँकेत लागली. आता निवडायचं काम तिचं हाय.”